टाकीचे घाव



मराठी म्हणी देवाचीसुद्धा भीड धरीत नाहीत. 'देव देवळात, चित्त खेटरात' ही म्हण पहिल्यांदा ज्याने उच्चारली, तो बहुधा नव्या वहाणा घालून दर्शनाला आला असावा! 'आधी पोटोबा, मग विठोबा' यात नास्तिकपणा नाही; उपाशी माणसाला टाळही जड होतो, एवढेच. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही तर आळशी भक्ताची थट्टा. पण आळशी मंडळी नेमका तिचाच आधार घेतात!

तिला उत्तर दुसरी म्हण देते : टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. जुन्नरकरांना ही समजावून सांगायला नको. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या सभामंडपात मधे एकही खांब नाही. मूळचा हा बौद्ध भिक्षूंचा विहार, डोंगर कोरून काढलेला. पूजा बदलली, पुजारी बदलले. कातळावर टाकीच्या खुणा आहेत.

काळाच्या म्हणी मात्र जपून वापराव्या लागतात. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव आंबेगावचे, कचेरी घोडेगावला! तिथून उठलेल्या म्हाताऱ्यांपुढे 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणताना जीभ अडखळते. घर, बांध, ओटा मागे राहिला. तोंडातल्या म्हणी तेवढ्या बरोबर आल्या. त्यांना पुनर्वसनाचा दाखला लागत नाही.

आता नावांविषयी थोडे, कारण फलकावरून कुजबूज चालू आहे. जुन्नरच्या लेण्यांतले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे कित्येक लेख म्हणजे देणगीदारांची यादीच आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने नुसती दोन टाकी दिली. त्याचेही नाव कातळावर आहे, आणि तो परदेशी म्हणून कोणी खोडलेले नाही. आकडा लहान म्हणून पावतीपुस्तकापासून लांब उभे राहणाऱ्यांनी एकदा ते लेख पाहून यावेत.

त्या यादीत लेणे कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव मात्र नाही. इथल्या फलकाची शेवटची ओळ अजून कोरायची आहे. ती समितीने त्याच्यासाठी राखून ठेवावी.