माव्याला बाप नसतो, बोंडअळीला असतो
(सोयगाव येथील बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत एका बाबांनी आम्हाला कोंडीत पकडलं. म्हणाले, "शेजारी खानदेशात केळीचा कंद लावतात, केळ तशीच्या तशी येते. मी संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून लावली, तर झाडाला झाड जुळेना. बियाण्यात कालवलंय तरी काय?"

कालवलेलं काही नाही. केळीचा कंद, उसाची कांडी म्हणजे आईचाच तुकडा. तिथे बाप नाही, म्हणून लेकरू हुबेहूब आई. सोय मोठी, पण एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल केळीच्या बागा १९५०च्या दशकात मर रोगाने अशाच बसल्या.

संकरित सरकीला मात्र दोन वाण लागतात. १९७० साली सुरतला सी. टी. पटेल यांनी संकर-४ काढला. संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, सकाळी नर वाणाचे पराग लावायचे. त्या सरकीत दोघांचा जोर एकत्र येतो. पण तीच सरकी पुन्हा पेरली की पत्ते नव्याने पिसले जातात. कुणाच्या वाट्याला राजा, कुणाच्या वाट्याला दुर्री. मालदांडी ज्वारीचं तसं नाही. ती सरळ वाणाची आहे आणि बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा धरते. चांगली कणसं निवडून बी ठेवा, कणीस तसंच येईल. बी राखण्याचा हक्क २००१च्या कायद्यातही लिहिलेला आहे.

आता किडीकडे येऊ, कारण खिशाला चटका तिथेच बसतो.

कपाशीवरचा मावा पाहा. आपल्या उष्ण हवेत त्याच्या मादीला नर लागत नाही. ती अंडीही घालत नाही, जिवंत पिल्लं टाकते. त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. आठवड्याभरात लेक आई होते. म्हणून सोमवारी दहा-वीस दिसलेला मावा पुढच्या सोमवारी पान चिकट करून टाकतो. आणि फवारा पचवणारी एकच मादी वाचली, तर तिची सगळी पिलावळ तो फवारा पचवणारीच निघते. एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, असं आम्ही ओरडतो ते यासाठी. सुरुवातीला तर फवाऱ्याआधी पान उलटून ढालकिडा आहे का ते बघा. तो फुकटचा मजूर आहे.

गुलाबी बोंडअळीचं उलट. तिच्या पतंगाला जोडीदार शोधावाच लागतो. मादी वास सोडते, नर त्या वासावर येतो. कामगंध सापळ्यातली गोळी म्हणजे तोच वास. त्याच सापळ्याने मावा जाईल म्हणून गेल्या साली काहींनी पैसे घातले. जिथे नरच नाही, तिथे वासाला येणार कोण? बोंडअळीसाठी मात्र एकरी दोन सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ नर पडले, की वेळ आली समजा.

बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी अळीने तीच कपाशी पोखरली. त्यात एक चूक आपलीही होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती आपण बांधावर फेकली. खरं सांगायचं तर आम्ही शेतकीची पदवी घेतलेल्यांनीही तिचं कारण कधी नीट समजावलं नाही. "कडेने लावा" एवढंच सांगितलं, आणि अळीला कशाला पोसायचं म्हणून तुम्ही लावली नाही.

कारण असं. त्या साध्या झाडांवर बीटीला न सरावलेले पतंग जगतात. बीटी पचवलेल्या एखाद्या पतंगाशी त्यांचा जोडा लागला, तर पिल्लाला एका बाजूने पचवण्याचा गुण मिळतो, दुसऱ्या बाजूने नाही. असं अर्धंमुर्धं पिल्लू बीटी खाऊन बहुधा मरतं. पुडी फेकली की पचवणारा पचवणारीलाच भेटतो आणि सगळी वीण पक्की होते. माव्याच्या बाबतीत हा डाव चाललाच नसता, त्याला जोडा लागतच नाही.

अलीकडे ही साधी सरकी पाकिटातच मिसळून येते. शेतात एखादं झाड वेगळं दिसलं, त्याची बोंडं किडली, तर बियाणं भेसळीचं म्हणून उपटू नका. आणि डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका. पऱ्हाटी उभी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर आणि जोडीदार दोन्ही मिळतात.