हातांची लिपी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विदुषी नव्हे. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे स्वयंपाक आणि विणकाम यांतच हात गुंतले. पण आज हातांविषयीच चार शब्द सांगायचे आहेत, म्हणून धीर केला.

आमचे धाकटे भाऊजी जन्मापासून बहिरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जात. तिथे खुणा करायला मनाई होती. हात मांडीवर ठेवून गुरुजींच्या ओठांकडे पाहायचे, असा शिरस्ता. घरीही पाहुण्यांदेखत त्यांचे हात हलू लागले की मीच डोळे वटारीत असे. खुणा म्हणजे नुसते हातवारे, ही माझी समजूत. ती चूक होती, हे आज सर्वांसमक्ष कबूल करते.

खुणांनाही व्याकरण असते, हे अमेरिकेत विल्यम स्टोको या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी १९६० साली दाखवून दिले. त्यांनी खुणा लिहिण्यासाठी चिन्हेही योजली. पण त्या खुणांचा कोश १९६५ साली निघाला, तो डॉरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन बहिऱ्या सहकाऱ्यांच्या जोडीने. ती चिन्हे मात्र अभ्यासकांच्या कामाची होती. घरच्या पत्रात लिहिण्याजोगी नव्हती.

पुढची गोष्ट डेन्मार्कची. व्हॅलरी सटन नावाच्या तरुण नर्तकीने नाच कागदावर उतरवण्याची रीत काढली होती. आपल्या विणकामाच्या पुस्तकात 'दोन सुलट, दोन उलट' लिहिलेले असते ना, आणि ते वाचून परगावची बाईही तसाच स्वेटर विणते? तसेच हे. १९७४ साली कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिला विचारले, "तुमच्या रीतीने बहिऱ्यांच्या खुणा लिहिता येतील का?" तिला खुणांची भाषा येत नव्हती. पण हालचाल कशी टिपावी, हे तिला ठाऊक होते.

या लिपीत चेहऱ्यासाठी वर्तुळ असते, त्यात भुवया आणि ओठ. हाताचा तळवा दिसत असेल तर चिन्ह पांढरे, पाठ दिसत असेल तर काळे. हालचालीला बाण आणि स्पर्शाला चांदणी.

आरंभी खुणा समोरून पाहणाऱ्याला दिसतात तशा लिहीत. बहिरी माणसे ती वापरू लागली आणि म्हणाली, "आमचे हात आम्हाला दिसतात तसे लिहा." १९८० नंतरच्या दशकात तो बदल झाला. पुढे ओळी आडव्या न राहता वरून खाली आल्या. १९८६ साली रिचर्ड ग्लीव्हज यांनी संगणकावर ही लिपी लिहिण्याची सोय केली. २०१५ साली युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, जिथे आपली देवनागरीही आहे, तिची ६७२ चिन्हे दाखल झाली. अजून ती सर्वत्र रूढ झालेली नाही. तरीही पाहा, नर्तकी, भाषेचे पंडित, संगणकवाले, सगळे हुशार. पण खुणा ज्यांच्या, त्यांनी हात लावल्यावाचून लिपी नीट बसली नाही.

कोणी विचारील, आता मोबाईलवर चित्र पाठवता येते, मग लिपी कशाला? अहो, आपला आवाजही धरून ठेवता येतो, म्हणून आपण लिहिणे सोडले का? लिहिलेले खोडता येते, सुधारता येते, पुन्हा निवांत वाचता येते.

गेल्या दिवाळीत भाऊजींनी ही लिपी मला दाखवली. मला ते ज्या खुणेने बोलावतात ती विणकामाची आहे: दोन बोटे सुयांसारखी एकमेकींवर. मी ती वहीत काढू पाहिली. दोन हात काढले, बाण काढले आणि मोठ्या ऐटीत वही पुढे केली. त्यांनी मान हलवली, पेन्सिल घेतली आणि वर मी रिकाम्या सोडलेल्या वर्तुळात हसरे ओठ काढले.

वीस वर्षे ते मला हाक मारताना हसत होते, आणि मी नुसते हात पाहत होते!

भगिनींनो, आपल्या आळीत असे कोणी असेल तर त्याचे हात धरू नका. तो काय सांगतो आहे, ते त्यालाच विचारा.