मधमाश्यांच्या वसाहतीचा स्वभाव कसा पारखावा



पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगरी गाव. अशा गावी मधमाशी परकी नसते. उंच कड्याला पोळे लटकविणारी आग्या माशी, झुडपाच्या फांदीवर लहानसे पोळे करणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी आणि डंख न करणारी इवलीशी पोयाची माशी, अशा चारही जाती सह्याद्रीत आढळतात. त्यांपैकी परसातील लाकडी पेटीत मधासाठी पाळतात ती मुख्यतः सातेरी. आग्या माशी पेटीत राहत नाही व तिच्या वाटेस कोणी जाऊही नये. प्रस्तुत विवेचन सातेरीपुरतेच आहे.

सातेरी सामान्यतः सौम्य मानली जाते. तथापि एखादे दिवशी पेटी उघडताच माश्या अंगावर धावतात, दोन-चार डंख बसतात आणि घरची मंडळी ‘ही पेटी तापट आहे’ असा शिक्का मारून मोकळी होतात. मग त्या पेटीस कोणी हात लावीत नाही. न उघडलेल्या पेटीत मेणकिडा शिरतो, मुंग्या चढतात आणि सातेरी घर सोडून निघून जाते. उलटपक्षी, खरोखर तापट असलेली वसाहत सौम्य समजून पाऊलवाटेलगत ठेवली, तर शाळेत जाणाऱ्या मुलांना इजा होते. यास्तव स्वभावाची पारख घाईने करणे दोन्ही बाजूंनी नुकसानीचे ठरते.

वसाहतीचा राग पुष्कळदा प्रसंगाचा असतो. आकाश भरून आले, वारा सुटला किंवा पाऊस पडू लागला म्हणजे रानात गेलेल्या वयस्क माश्या घरी परततात. रक्षणाचे काम मुख्यतः याच माश्या करतात, म्हणून अशा वेळी उघडलेली पेटी चिडते. स्वच्छ उन्हात, सकाळी नऊ-दहाच्या पुढे, त्या फुलांवर गेलेल्या असताना तीच पेटी शांत असते. ऋतूचेही तसेच. जांभूळ फुलला, पाठोपाठ हिरडा फुलला, म्हणजे मकरंदाची आवक असते व माश्या कामात गुंतलेल्या असतात. पावसाळ्यात अन्नाचा तुटवडा पडतो, एका पेटीतील माश्या दुसरीतील मध लुटू पाहतात आणि प्रत्येक वसाहत दाराशी सावध राहते. अशा दिवसांत साखरेचा पाक द्यावयाचा तो सायंकाळी, पेटीच्या आत व एकही थेंब बाहेर न सांडता द्यावा.

हाताळणाऱ्याचा दोषही माशीच्या माथी मारला जातो. धक्का देऊन झाकण उघडणे, झटक्याने हात हलविणे, घामाचा किंवा सुगंधी तेलाचा वास, काळे वा लोकरीचे कपडे, चौकटीखाली माशी चिरडणे, ही चिडण्याची नित्याची कारणे होत. डंख करताना नांगी कातडीत अडकून राहते आणि तिच्यापासून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. हा वास म्हणजे इतर माश्यांना धोक्याची सूचना होय. म्हणूनच एका डंखापाठोपाठ दुसरा त्याच जागी बसतो. नांगी तत्काळ खरवडून काढावी व त्या जागी थोडा धूर द्यावा. धुराने हा वास झाकला जातो आणि माश्या मध पिण्याकडे वळतात. मात्र सातेरीस धूर बेताचाच द्यावा. तो अधिक झाला की ती पोळ्यांवरून सैरावैरा धावते व झुबक्याने खाली गळते. ही धावपळ भीतीची असते, तिला राग समजू नये.

पारख करताना पाच गोष्टी पाहाव्यात. झाकण काढताच माश्या पोळ्यावर स्थिर राहतात की उसळतात? चौकट उचलल्यावर चालत राहतात की धावतात? तोंडाच्या जाळीवर किती आदळतात? कपड्यांवर किती डंख होतात? आणि पेटी बंद करून निघाल्यावर किती पावलांपर्यंत पाठलाग करतात? यांपैकी शेवटची खूण विशेष महत्त्वाची, कारण पाठलाग करणारी वसाहत शेजाऱ्यांनाही उपद्रव देते. या नोंदीबरोबर तारीख, वेळ, आकाशाची स्थिती व रानात काय फुलले आहे, हेही लिहावे. आठवड्याच्या अंतराने, चांगल्या हवेच्या दिवशी, निदान तीन वेळा अशी नोंद झाल्यावाचून निर्णय देऊ नये.

परसात दोन पेट्या असतील तर पारख सुलभ होते. एकाच वेळी दोन्ही चिडल्या, तर कारण बहुधा हवेत किंवा हंगामात शोधावे. एकच चिडली, तर तिच्या आत पाहावे. राणी नाहीशी झाली असेल तर कोठ्यांत ताजी अंडी दिसत नाहीत व वसाहतीचा गुणगुणाट करुण, घुमणारा होतो. मुंग्या, मेणकिडा किंवा दाराशी घिरट्या घालणारी गांधीलमाशी यांचाही त्रास असू शकतो. ही सर्व कारणे दूर करूनही वसाहत वारंवार अंगावर येत असेल, तरच तो तिचा आनुवंशिक स्वभाव मानावा.

त्यावरही उपाय आहे. कामकरी माश्या राणीच्या पोटच्या असतात. सौम्य वसाहतीतील राणी तेथे दिली, म्हणजे जुन्या माश्या सरून नव्या पिढीचा स्वभाव प्रकट होतो. कामकरी माशीचे आयुष्य कामाच्या हंगामात काही आठवड्यांचेच असल्याने या पालटास सुमारे दोन महिने लागतात. तोवर पेटी वाटेपासून दूर, दार झाडीकडे करून ठेवावी. राणी बदलण्याचे काम अनुभवी मधपाळाच्या हातूनच व्हावे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय घाटमाथ्यावर महाबळेश्वर येथे आहे, तर १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यास आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. घरोघरी पेट्या सांभाळणारे हे गाव डोंगरी खेड्यांस पाहण्याजोगे आहे.

शाळेने या कामी आपला वाटा उचलावा. मुलांनी पेटी उघडावयाची नाही. त्यांनी दाराच्या बाजूस उभे न राहता, दुरून, पाच मिनिटांत किती माश्या पराग घेऊन परतल्या ते मोजावे आणि हवा व फुलोरा यांची नोंद ठेवावी. आतील नोंद मधपाळाने सांगावी व मुलांनी वहीत उतरून घ्यावी. आग्या माशीच्या पोळ्यास दगड मारू नये, हे प्रत्येक वर्गात सांगावे. डंखानंतर कोणास धाप लागली, चेहरा सुजला किंवा भोवळ आली, तर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जांभूळ फुलू लागण्यापूर्वी प्रत्येक शाळेने अशी एक वही आखून ठेवावी आणि गावात पेटी बाळगणाऱ्या एका तरी घराशी बोलून नोंदींचा वार ठरवून घ्यावा.