तहानलेला कोबा

आमच्या आर्वीकडची काळी माती कपाशीला पोसते, पण तिच्यावर बांधकाम करणाऱ्याची परीक्षा पाहते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज याच मातीवर उभं आहे. सुरुवातीला पैसे वाचवायला त्यानं माती नुसती चोपली आणि वर कोबा करून घेतला. दोन पावसाळ्यांत कोबा फुटला. एके दिवशी गाडीखालचा जॅक भेगेच्या कडेवरून निसटला आणि गाडी खाली आली. खाली झोपून काम करणारा पोरगा नेमका पाना आणायला उठला होता, म्हणून वाचला. त्या रात्री भाऊ जेवला नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये तो कोबा उखडला. रमजान सुरू होता. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "भाईजान, या मातीशी भांडू नका. तिला बाजूला करा." दोन फूट काळी माती काढली. सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर टाकले. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केला. त्यावर दगडांचं सोलिंग, मग एकास दोन, चार या प्रमाणात सिमेंट, रेती आणि गिट्टीचं चार इंच काँक्रीट. तेही एकसंध नाही, चौकोन पाडून. म्हणजे तडा जायचाच तर आपण ठरवलेल्या सांध्यात जावा. दाराकडे थोडा ढाळ ठेवला.

पसरायला सोपं जावं म्हणून एका मजुरानं मालात जादा पाणी ओतलं, तेव्हा मिस्त्री रागावले. जास्तीच्या पाण्यानं काँक्रीट कमजोर होतं. वर आलेलं पाणी जिरेपर्यंत त्यांनी थापीला हात लावला नाही. वरून कोरडं सिमेंटही भुरभुरू दिलं नाही. तो थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. पृष्ठभाग किंचित खरबरीत ठेवला, कारण तेल सांडल्यावर गुळगुळीत जमिनीवर पाय घसरतो.

तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "वाळला की आता! गाडी घेऊ आत?"

मिस्त्री हसले. "सिमेंट वाळून घट्ट होत नाही बेटा, पाणी पिऊन होतं."

मातीची आळी करून दहा दिवस कोब्यावर पाणी साठवलं. आमचे रोजे होते आणि त्या उन्हात कोबा तेवढा दिवसभर पाणी पीत होता. गाडी मात्र २८ दिवसांनंतरच आत घ्यायची, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मध्येच ईद आली. गॅरेज बंद, कमाई थोडी. नवे कपडे फक्त मुलांना झाले. भाऊ निंबाच्या सावलीत स्कूटर दुरुस्त करत राहिला, पण गाडी आत घेतली नाही.

त्यानंतरचे पावसाळे त्या कोब्यानं निभावले. कुणी खर्च विचारला, की भाऊ सांगतो, "वर दिसतो तो स्वस्तात झाला. पैसे खाली गेले." आणि एवढा पक्का कोबा असूनही तो नुसत्या जॅकवर गाडी ठेवत नाही. शेजारी लोखंडी घोडी लावतो, हलवून पाहतो, मगच पोराला खाली जाऊ देतो.