नकाशामागील नोंद : यंत्रलिखित आज्ञावली आणि टिपा



नकाशा हाती आला म्हणजे आपली दृष्टी त्यावरील रेषांवर खिळते. परंतु तो कोणी, केव्हा व कोणत्या मोजणीच्या आधारे तयार केला हे ठाऊक नसेल, तर त्या रेषांच्या भरवशावर निर्णय घेणे धोक्याचे ठरते. नकाशाविषयीची ही माहिती कशी नोंदवावी, यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००३ साली ‘आयएसओ १९११५’ हे मानक प्रसिद्ध केले. संगणकांनी तिची देवाणघेवाण एक्सएमएल या लेखनपद्धतीत कशी करावी, हे २००७ च्या ‘आयएसओ १९१३९’ ने ठरवून दिले.

‘अपाचे एसआयएस’ ही जावा भाषेतील लायब्ररी, म्हणजे भूमाहितीसाठी सिद्ध असलेल्या आज्ञावलींचा संग्रह, या नोंदी वाचते व लिहिते. असे काम करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग यंत्राचा. मानकाचा आराखडा ‘एक्सजेसी’ या साधनाला दिला की ते शेकडो जावा वर्ग आपोआप लिहून देते. काम झटपट होते. पण हे वर्ग एक्सएमएल फाइलीच्या रचनेचे असतात, लायब्ररीचे स्वतःचे वर्ग मानकातील कल्पनांचे. मग प्रत्येक बाब एकातून दुसऱ्यात उतरवावी लागते. एकच नोंद दोन वह्यांत ठेवणाऱ्या दप्तराची जी अडचण, तीच येथे. शिवाय यंत्रलिखित मजकुरात हाताने केलेली दुरुस्ती पुढील वेळी यंत्रच पुसून टाकते.

दुसरा मार्ग टिपांचा. २००४ च्या जावा ५ मध्ये ‘ॲनोटेशन’ ही सोय आली. ‘एसआयएस’ने तीच स्वीकारली आहे. दुसरी वही न ठेवता मूळ वर्गातील ‘शीर्षक’ या बाबीवरच टीप लिहिली जाते : ‘एक्सएमएलमध्ये हे नाव द्यावे, ही बाब आवश्यक.’ ‘जॅक्सबी’ ही यंत्रणा टीप वाचून उरलेले काम करते.

अर्थात हे फुकट मिळत नाही. ‘आयएसओ १९१३९’ मध्ये जवळजवळ प्रत्येक मूल्याभोवती आणखी एक वेष्टन असते. ते काढण्या-घालण्यासाठी छोटे जोडवर्ग हातानेच लिहावे लागतात. टिपेतील नावात एक अक्षर चुकले तरी जावा तक्रार करीत नाही. चुकीची फाइल मात्र दुसऱ्या कार्यालयात पोहोचते. म्हणून ‘एसआयएस’च्या चाचण्या टिपांची तुलना अधिकृत आराखड्याशी करतात.

या श्रमाचे फळ २०१६ च्या ‘आयएसओ १९११५-३’ नंतर दिसले. नव्या मानकाने एक्सएमएलमधील नामावली बदलली. यंत्राच्या मार्गाने वर्गांचा आणखी एक संच तयार झाला असता. येथे तेच वर्ग जुन्या व नव्या, दोन्ही पद्धतींना पुरे पडतात.

एकदाच करावयाच्या कामाला यंत्रलिखित आज्ञावली अवश्य पुरेशी आहे. परंतु जी नोंद अनेक वर्षे सांभाळावयाची, तिची वही एकच असावी आणि तिच्या शुद्धतेची जबाबदारी जाणत्या माणसाने घ्यावी, हेच हिताचे.