वाफेच्या गाडीचे गाव
अमेरिकेत डेट्रॉइटनजीक डिअरबर्न मुक्कामी हेन्री फोर्ड यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून जुन्या इमारती हलवून आणून वसविलेले ‘ग्रीनफील्ड व्हिलेज’ हे गाव, मुलाबाळांसह सबंध दिवस घालवावा, असे स्थळ आहे. विद्युद्दीपाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी, २१ ऑक्टोबर १९२९ रोजी, वयोवृद्ध एडिसन आणि राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या उपस्थितीत त्याचा उद्घाटनसमारंभ झाला.

गावाला वळसा घालणाऱ्या लोहमार्गावर अद्यापि वाफेची गाडी धावते. तिच्या इंजिनांपैकी ‘टॉर्च लेक’ हे १८७३ साली घडविलेले असून पूर्वी ते मिशिगनमधील तांब्याच्या खाणीच्या दिमतीस होते. भट्टीत कोळसा पडावा, बाष्पकात पाण्याची वाफ व्हावी, तिच्या दाबाने दट्ट्या पुढेमागे सरावा आणि त्याला जोडलेल्या लोखंडी दांड्यांनी चाके फिरवावीत, हा कार्यकारणभाव, त्या दांड्यांची ये-जा फलाटावरून निरखताना, बालकांच्याही सहज ध्यानी येतो.

राइट बंधूंचे, डेटन शहरातून आणलेले, सायकलींचे दुकानही येथेच आहे. तिकडे वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या मुलांना हे गाव अवश्य दाखवावे. यंत्रयुगाचा इतिहास ग्रंथांइतकाच अशा प्रत्यक्ष दर्शनाने मनावर ठसतो.