वडापमधला दणका

परवा गटाची मीटिंग आटोपून वडापने घरी येत होते. मागच्या बाकावर जागा मिळाली आणि स्पीकर नेमका कानामागे. शेजारी एक सूनबाई, मांडीवर तान्हं बाळ. गाणं चांगलं होतं हो, पण छातीत ढोल वाजत होता. पुढे ड्रायव्हरला मात्र आवाज बेताचाच वाटत होता.

गाडीत काचा आणि पत्रा. आवाज त्यावर आपटून परत येतो. गाद्या, कपडे बारीक आवाज शोषून घेतात, ढोलाचा जाड आवाज नाही. त्याची एक लाट सहा-सात मीटर लांब, गाडी आतून जेमतेम तीन मीटर. मग काचा बंद असल्या की आतली सगळी हवाच दाबली जाते, सोडली जाते. तोच तो दणका. काच खाली केली तर कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालेल, 90 असेल तर फक्त 4 तास. लहान मुलांसाठी 40 तासांची मर्यादा 75 डेसिबलच. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज जास्त आहे असं धरा. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

मी म्हटलं, "दादा, मागचा आवाज कमी करा, बाळ आहे." टेपवर पुढचा-मागचा आवाज वेगळा करायची सोय असते, ती त्याला ठाऊकच नव्हती! शोधायला दोन स्टॉप गेले.